स्टोअर्ड प्रोसिजर कॉल करताना होणारी नामनिश्चिती : लायब्ररी व स्कीमा यांसंबंधीच्या दोषांचा शोध

प्रस्तावना

यवतमाळच्या बसस्थानकावर 'कळंब' असे म्हटले की चिंतामणीचे कळंब एवढाच अर्थ संभवतो. धाराशिवच्या बसस्थानकावर तोच शब्द उच्चारला असता प्रवासी निराळ्याच गावी पोहोचतो. दोन्ही कळंब तालुक्याची ठिकाणे आहेत आणि दोन्ही नावे तंतोतंत सारखी आहेत. वणीचेही तसेच. आपल्याकडे वणी म्हणजे कोळशाच्या खाणींचा तालुका, तर दिंडोरीकडे वणी म्हणजे सप्तशृंगीच्या गडाजवळचे गाव. एक नेर धुळे जिल्ह्यात आहे, म्हणून आपल्या नेरचा उल्लेख 'नेर परसोपंत' असा पूर्ण नावाने केला की घोटाळा टळतो. अर्धवट नावाचा अर्थ त्या नावात नसतो. उच्चारणारा कोठे उभा आहे त्यावर तो ठरतो. मनुष्यव्यवहारात ही गोष्ट इतकी अंगवळणी पडलेली असते की तिच्याकडे आपले लक्षही जात नाही.

संगणकीय डेटाबेसमध्ये नेमकी हीच प्रक्रिया घडते आणि तिच्याकडे लक्ष न गेल्यामुळेच पुष्कळशा अडचणी उद्भवतात. महाविद्यालयांतील प्रवेश, शुल्क, परीक्षा, ग्रंथालय आदी विभागांचे काम आता डेटाबेसवर चालते. या आज्ञावलींपैकी एखादी काल चालत होती, आज 'प्रोसिजर सापडत नाही' असे सांगते. किंवा एका संगणकावर चालते आणि दुसऱ्यावर चालत नाही. अशा वेळी आज्ञावली लिहिणारा तिच्यातील ओळी तपासू लागतो. बहुतेक प्रसंगी दोष त्या ओळींत नसतो. ज्या संदर्भात नाव वाचले गेले, त्या संदर्भात तो असतो. हा संदर्भ कसा ठरतो आणि तो कसा तपासावा, याचे विवेचन संगणकशास्त्राबाहेरील प्राध्यापकांनाही उपयोगी पडेल अशा रीतीने प्रस्तुत लेखात केले आहे.

संकल्पनांचा परिचय

डेटाबेसमधील माहिती टेबलांत साठवलेली असते. त्या माहितीवर वारंवार करावयाची कामे, उदाहरणार्थ गुणांची बेरीज करून गुणपत्रक तयार करणे, ही डेटाबेसच्या आतच लिहून ठेवता येतात. अशा लिहून ठेवलेल्या कृतीस स्टोअर्ड प्रोसिजर म्हणतात. बाहेरील आज्ञावली केवळ तिचे नाव घेऊन तिला बोलावते. यास 'कॉल करणे' असे म्हणतात. टेबले व प्रोसिजर ज्या कप्प्यात ठेवलेल्या असतात त्यास स्कीमा म्हणतात. आयबीएम कंपनीच्या १९८८ साली आलेल्या एएस/४०० या संगणकावर आणि २००८ पासून 'आयबीएम आय' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्याच्या वंशजावर याच कप्प्यास 'लायब्ररी' हा शब्द रूढ आहे. आपल्या ग्रंथालयाशी तिचा संबंध नाही. तरी एकाच शीर्षकाची दोन पुस्तके दोन कपाटांत असू शकतात, एवढे साम्य मात्र आहे.

कप्प्याचे नाव व वस्तूचे नाव अशी दोन्ही दिली तर ते पूर्ण नाव होय. केवळ वस्तूचे नाव दिले तर कप्पा कोणता हे डेटाबेसला स्वतः ठरवावे लागते. या ठरविण्यास येथे 'नामनिश्चिती' म्हटले आहे.

दोन नियम, एक समज

डेटाबेसला एक 'चालू स्कीमा' असतो आणि सर्व अर्धवट नावे त्याच्यातच शोधली जातात, असा सार्वत्रिक समज आहे. तो अर्धाच खरा आहे. आयबीएम आयवरील डीबी-टू या डेटाबेसमध्ये टेबलांसाठी एक नियम आणि प्रोसिजरसाठी दुसरा नियम लागू होतो. हा फरक नीट समजून घेतल्यास निम्म्याहून अधिक कोडी सुटतात, असे माझे मत आहे. म्हणून येथे थोडे थांबणे इष्ट ठरेल.

या डेटाबेसमध्ये नावे लिहिण्याच्या दोन पद्धती आहेत. एक 'सिस्टिम' पद्धत व दुसरी 'एसक्यूएल' पद्धत. सिस्टिम पद्धतीत कप्पा व वस्तू यांच्यामध्ये परंपरेने तिरकी रेघ देतात, तर एसक्यूएल पद्धतीत टिंब देतात. नवख्या वाचकास हा केवळ विरामचिन्हांचा भेद वाटतो. वस्तुतः त्याने शोधाची सगळी दिशाच बदलते. सिस्टिम पद्धतीत अर्धवट नाव 'लायब्ररी लिस्ट'मध्ये शोधले जाते. प्रत्येक जॉबजवळ, म्हणजे चालू असलेल्या प्रत्येक कामाजवळ, लायब्ररींची एक क्रमवार यादी असते. तिच्यात प्रणालीचा भाग, चालू लायब्ररी आणि वापरकर्त्याचा भाग असतो. वापरकर्त्याच्या भागात २५० पर्यंत नावे घालता येतात. यादीत वरून खाली पाहत जायचे आणि जेथे प्रथम नाव सापडेल तेथे थांबायचे, असा हा साधा नियम आहे.

एसक्यूएल पद्धतीत मात्र टेबलाचे अर्धवट नाव एकाच ठिकाणी, म्हणजे चालू स्कीमात शोधले जाते. तो सांगितलेला नसल्यास वापरकर्त्याच्या नावाचा स्कीमा गृहीत धरला जातो. प्रोसिजरचे अर्धवट नाव मात्र 'पाथ' नावाच्या वेगळ्या यादीत शोधले जाते. या पाथमध्ये मुळात प्रणालीचे काही स्कीमा आणि शेवटी वापरकर्त्याच्या नावाचा स्कीमा एवढेच असते.

याचा परिणाम पाहण्यासारखा आहे. समजा, परीक्षा विभागाने २०२५ या वर्षासाठी 'परीक्षा२५' असा स्कीमा निर्माण केला. (प्रत्यक्षात ही नावे रोमन लिपीत असतात.) आज्ञावलीकाराने 'सेट स्कीमा' ही आज्ञा देऊन तो चालू केला आणि 'गुणपत्रक' नावाची प्रोसिजर तयार केली. ती अपेक्षेप्रमाणे परीक्षा२५ मध्येच निर्माण झाली. लगेच पुढच्या ओळीत त्याने 'कॉल गुणपत्रक' असे लिहिले आणि ती सापडत नाही, असे उत्तर आले. क्षणापूर्वी डोळ्यांदेखत तयार झालेली वस्तू नाहीशी कशी झाली? ती नाहीशी झालेली नाही. 'सेट स्कीमा'ने वस्तू निर्माण करण्याची जागा बदलली आणि टेबले शोधण्याची जागाही बदलली. प्रोसिजर शोधण्याचा पाथ मात्र होता तसाच राहिला. त्यासाठी 'सेट पाथ' ही स्वतंत्र आज्ञा द्यावी लागते, अथवा कॉल करताना पूर्ण नाव द्यावे लागते.

दुसरा नेहमीचा प्रकार असा, की जुन्या पद्धतीच्या काळ्या-हिरव्या पडद्यावर काम बिनचूक होते आणि वेब-आज्ञावलीतून तेच काम अडते. वापरकर्ता पडद्यावरून प्रवेश करतो तेव्हा त्याच्यासाठी एक प्रारंभिक आज्ञावली चालविण्याची सोय असते. अनेक ठिकाणी लायब्ररी लिस्ट तीच आज्ञावली तयार करते. ओडीबीसी वा जेडीबीसी मार्गाने येणाऱ्या जोडणीसाठी ती आज्ञावली चालतच नाही. तेथे यादी येते ती वापरकर्त्याच्या जॉब-वर्णनातून, अथवा जोडणीच्या गुणधर्मांत जे लिहिले असेल त्यातून. पडद्यावर बसून यादीत कितीही लायब्ररी वाढवल्या तरी त्या त्याच जॉबपुरत्या राहतात. शेजारच्या जॉबला त्यांचा पत्ता नसतो.

जेडीबीसी जोडणीत आणखी एक खाच आहे. सिस्टिम पद्धत निवडली, लायब्ररींची यादीही दिली, आणि त्याबरोबर जोडणीच्या पत्त्यात एक मूलभूत स्कीमाही लिहिला, तर टेबलांच्या अर्धवट नावांसाठी तो स्कीमाच प्रमाण धरला जातो आणि यादी बाजूला पडते. यादी वापरावयाची असल्यास ती जागा रिकामी सोडणे आवश्यक आहे. अधिक माहिती दिल्याने काम बिघडावे, हे आज्ञावलीकाराच्या सहज लक्षात येत नाही.

न सापडण्यापेक्षा भलतीकडे सापडणे

येथवर ज्या दोषांचा उल्लेख झाला ते सर्व बोलके आहेत. डेटाबेस काहीतरी संदेश देतो, काम थांबते आणि शोध सुरू होतो. खरा धोका अबोल दोषांचा आहे. नाव सापडते, काम पूर्ण होते, संदेश कोणताच येत नाही. परंतु ते काम दुसऱ्याच कप्प्यात झालेले असते.

लायब्ररी लिस्टमध्ये चाचणीची लायब्ररी प्रत्यक्ष कामाच्या लायब्ररीच्या वर राहून गेली, तर चाचणीसाठी घातलेले काल्पनिक गुण खऱ्या गुणपत्रकात येतील. प्रत्येक जॉबला 'क्यूटेम्प' नावाची एक तात्पुरती लायब्ररी मिळते आणि जॉब संपताच ती नष्ट होते. ती यादीत सर्वांत वर असेल आणि तेथे कोणी 'गुण' नावाचे तात्पुरते टेबल केले असेल, तर नंतरच्या सर्व नोंदी त्या टेबलात जातील व सायंकाळी त्याच्यासह नाहीशा होतील. कोणतीही त्रुटी नोंदली जाणार नाही. शिष्यवृत्तीची यादी वा फेरमूल्यांकनाचे गुण अशा रीतीने हरवले तर नुकसान विद्यार्थ्याचे होते, आणि त्याचे कारण शोधून काढणे महिन्याभरानंतर जवळजवळ अशक्य होऊन बसते.

याच्याशी संलग्न असा काळाचा प्रश्न आहे. नामनिश्चिती प्रोसिजर तयार होताना होते की ती चालविताना? याचे उत्तर प्रत्येक डेटाबेसमध्ये निराळे आहे. डीबी-टूमध्ये एसक्यूएल पद्धतीने लिहिलेल्या प्रोसिजरच्या आतील स्थिर विधानांतली टेबले ती तयार करतानाच्या स्कीमाशी बांधली जातात. नंतर कॉल करणाऱ्याने चालू स्कीमा बदलला तरी त्यांना फरक पडत नाही. त्याच प्रोसिजरमध्ये चालतेवेळी रचलेली विधाने मात्र त्या वेळच्या संदर्भाने वाचली जातात. म्हणजे एकाच प्रोसिजरमधील दोन ओळी, एकाच टेबलाचे तेच नाव घेऊन, दोन निरनिराळ्या स्कीमांत लिहू शकतात. तसेच, एखादी प्रोसिजर ही बाहेरील आज्ञावलीचे केवळ आवरण असेल, तर डेटाबेसच्या नोंदवहीत त्या आज्ञावलीची लायब्ररी लिहिलेली असते. प्रोसिजर योग्य स्कीमात सापडली तरी ती जिकडे बोट दाखवते ती आज्ञावली चाचणीच्या लायब्ररीतील असू शकते.

अन्य प्रणालींतील स्थिती

आपल्या भागातील महाविद्यालयांत मायएसक्यूएल अधिक परिचित आहे. तेथे स्कीमा व डेटाबेस हे एकाच गोष्टीचे दोन शब्द आहेत. अर्धवट नावाची प्रोसिजर चालू डेटाबेसमध्येच शोधली जाते. यादी, पाथ वगैरे काही नाही. प्रोसिजर चालू असेपर्यंत मात्र ती ज्या डेटाबेसमध्ये आहे तोच चालू धरला जातो आणि तिच्या आतील अर्धवट नावे तेथेच शोधली जातात. ही सोय उत्तम आहे; पण अनेक आज्ञावलीकार तिच्यावर विश्वास न ठेवता प्रोसिजरच्या आत 'परीक्षा२४ मधील गुण' असे पूर्ण नाव लिहून ठेवतात. पुढील वर्षी तो डेटाबेस जसाच्या तसा उतरवून परीक्षा२५ केला जातो आणि नवी प्रोसिजर मुकाट्याने जुन्या वर्षाचे गुण बदलत राहते. म्हणून मायएसक्यूएलमध्ये बाहेरून कॉल करताना पूर्ण नाव आणि आत अर्धवट नाव, हाच क्रम सुरक्षित आहे.

मायएसक्यूएल एका संगणकावरून दुसऱ्यावर नेताना तीन गोष्टी घडतात. नेहमीच्या डम्प आज्ञेत 'रूटीन्स' हा पर्याय न दिल्यास टेबले येतात, ट्रिगर येतात, प्रोसिजर मात्र येत नाहीत. तेथे संदर्भ शोधत बसणे व्यर्थ, कारण वस्तूच आलेली नसते. विंडोजवर डेटाबेसच्या नावातील लहान-मोठ्या रोमन अक्षरांचा भेद पाळला जात नाही, लिनक्सवर पाळला जातो. त्यामुळे प्रयोगशाळेत चाललेला कॉल सर्व्हरवर अडतो. आणि प्रोसिजरचा निर्माता म्हणून नोंदलेला वापरकर्ता नव्या सर्व्हरवर नसेल तर १४४९ क्रमांकाची त्रुटी येते. तिचा नामनिश्चितीशी संबंध नसतानाही ती त्याच खात्यात टाकली जाते.

एसक्यूएल सर्व्हरमध्ये २००५ च्या आवृत्तीपासून वापरकर्ता व स्कीमा वेगळे झाले. अर्धवट नाव प्रथम वापरकर्त्याच्या मूलभूत स्कीमात व नंतर 'डीबीओ' या स्कीमात पाहिले जाते. टेबल अस्तित्वात नसतानाही तेथे प्रोसिजर तयार होऊ शकते. दोष कळतो तो ती चालविताना, २०८ क्रमांकाच्या त्रुटीने. प्रोसिजरच न सापडल्यास २८१२ हा क्रमांक येतो. हे दोन क्रमांक ओळखले तरी अर्धा शोध संपतो, कारण पहिल्यात कॉल योग्य ठिकाणी पोहोचलेला असतो.

ओरॅकलमध्ये स्कीमा म्हणजे वापरकर्ताच. शोध प्रथम स्वतःच्या स्कीमातील वस्तूंत व खासगी पर्यायी नावांत आणि नंतर सार्वजनिक पर्यायी नावांत होतो. पर्यायी नाव ही कल्पना आपल्याला नवीन नाही; केळापूर तालुक्याचे ठिकाण पांढरकवडा आहे, आणि सरकारी कागदावर एक नाव तर बोलण्यात दुसरे, हे आपण नित्य अनुभवतो. ओरॅकलमध्ये टिंबापूर्वीचा शब्द स्कीमाचा असेल किंवा प्रोसिजरांच्या गाठोड्याचा, म्हणजे पॅकेजचा. स्वतःच्या स्कीमात दुसऱ्या स्कीमाच्याच नावाचे पॅकेज असले तर पूर्ण लिहिलेले नावही पॅकेजकडे वळते. १९०५ पूर्वी आपल्या जिल्ह्याचेच नाव वणी होते. त्या काळच्या कागदात 'वणी' म्हणजे जिल्हा, तालुका की गाव, असा प्रश्न पडावा, त्यातलाच हा प्रकार. शिवाय 'टेबल वा व्ह्यू अस्तित्वात नाही' हा ओरॅकलचा ९४२ क्रमांकाचा संदेश वस्तू नसतानाही येतो आणि परवानगी नसतानाही येतो. परवानगी 'रोल'मार्फत मिळालेली असल्यास नेहमीच्या प्रकारच्या प्रोसिजरमध्ये ती लागूच होत नाही. म्हणून तीच ओळ बाहेर चालते व आत चालत नाही.

पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये 'सर्च पाथ' ही एकच यादी टेबले व प्रोसिजर या दोहोंसाठी असते. प्रोसिजर कॉल करण्याची सोय तेथे २०१८ साली ११ व्या आवृत्तीत आली. तोवर फंक्शनवर भागवले जाई. येथे नावाबरोबर घटकांचे प्रकारही जुळावे लागतात. प्रोसिजर पूर्णांक मागत असेल आणि कॉलमध्ये मजकूर दिला असेल, तर समोर असलेली प्रोसिजरही 'अस्तित्वात नाही' असे सांगितले जाते. २०१८ मध्येच या यादीचा एक सुरक्षाविषयक दोष प्रकाशात आला. 'पब्लिक' या स्कीमात कोणालाही वस्तू निर्माण करता येत असल्यामुळे एखादा वापरकर्ता तेथे परिचित नावाचे फंक्शन ठेवून दुसऱ्याचा कॉल आपल्याकडे वळवू शकत होता. २०२२ च्या १५ व्या आवृत्तीपासून ही सार्वत्रिक मुभा मूळ मांडणीतून काढून टाकण्यात आली. जुन्या आवृत्तीतून वर आणलेल्या डेटाबेसमध्ये मात्र ती तशीच राहिलेली असू शकते.

तपासणीचा क्रम

अडचण आल्यावर पहिला नियम असा, की जेथे काम अडले त्याच जोडणीतून प्रश्न विचारावेत. प्रशासकाच्या खात्यातून केलेली तपासणी ही यवतमाळात उभे राहून धाराशिवचा रस्ता विचारण्यासारखी आहे. उत्तर खरे मिळेल, पण उपयोगाचे नसेल. आज्ञावलीतच तात्पुरती एक ओळ घालून चालू वापरकर्ता, चालू स्कीमा आणि पाथ ही तीन मूल्ये नोंदवून घ्यावीत. डीबी-टूमध्ये 'करंट स्कीमा' व 'करंट पाथ' ही विशेष मूल्ये आणि लायब्ररी लिस्ट दाखवणारा एक व्ह्यू उपलब्ध आहे. पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये 'शो सर्च पाथ', तर मायएसक्यूएलमध्ये 'डेटाबेस' हे फंक्शन हेच सांगते.

त्यानंतर कप्प्याची अट न घालता केवळ नावाने सर्व स्कीमांत शोध घ्यावा. मायएसक्यूएल, पोस्टग्रेएसक्यूएल व एसक्यूएल सर्व्हर यांत 'इन्फर्मेशन स्कीमा'मधील 'रूटीन्स' हा व्ह्यू, आणि आयबीएम आयवर प्रणालीच्या नोंदवहीतील 'सिसरूटीन्स' हे टेबल त्यासाठी आहे. उत्तरात एकही ओळ आली नाही तर वस्तूच नाही, किंवा ती पाहण्याची परवानगी नाही. एक ओळ आली तर पाथ तपासावा. दोन वा अधिक ओळी आल्या, तर सध्या काम सुरळीत चालत असले तरी थांबावे. अबोल दोष येथेच दडलेला असतो. ही तपासणी दोष आल्यावर करण्याऐवजी दर शैक्षणिक वर्षाच्या आरंभी, नवा स्कीमा उघडताना करणे अधिक श्रेयस्कर.

संदेशातील क्रमांकही वाचावा. डीबी-टूमध्ये उणे २०४ म्हणजे त्या नावाची वस्तू शोधलेल्या जागी नाही, तर उणे ४४० म्हणजे दिलेल्या घटकांशी जुळणारी प्रोसिजर नाही. दुसऱ्या प्रसंगी घटकांची संख्या आधी मोजावी. उणे २०४ च्या मजकुरात कोणत्या लायब्ररीत शोध घेतला हेही लिहिलेले असते. तेथे स्कीमाच्या नावाऐवजी लायब्ररी लिस्टचा निर्देश आढळल्यास, आपण एसक्यूएल पद्धत समजून चाललेली जोडणी प्रत्यक्षात सिस्टिम पद्धतीत आहे, हे त्या एका शब्दावरून कळते.

पूर्ण नावाचा आग्रह किती धरावा

सर्वत्र पूर्ण नावे लिहा, असा उपदेश पाठ्यपुस्तके करतात. तो मला सरसकट मान्य नाही. २०२३ मध्ये उस्मानाबाद जिल्ह्याचे नाव धाराशिव झाले. ज्या कागदावर केवळ 'कळंब' होते तो कागद तसाच चालला. ज्यावर 'जिल्हा उस्मानाबाद' असे पूर्ण लिहिले होते तो जुना ठरला. स्कीमाचे नाव शेकडो ठिकाणी कोरून ठेवले तर तेच घडते, आणि चाचणीसाठी वेगळा स्कीमा वापरणे तर अशक्यच होते. स्कीमाचे नाव आज्ञावलीत एकाच ठिकाणी, म्हणजे जोडणीच्या मांडणीत असावे आणि जोडणी होताच पाथ स्पष्टपणे निश्चित करावा. ज्या प्रोसिजर निर्मात्याच्या अधिकाराने चालतात व कोणीही कॉल करू शकतात, त्यांच्यापुरता मात्र अपवाद करावा. पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये अशा फंक्शनच्या व्याख्येतच सर्च पाथ बांधून टाकण्याची सोय आहे आणि ती न वापरण्याचे समर्थन करता येणार नाही.

केंद्राच्या पंचायती राज मंत्रालयाची स्थानिक स्वराज्य संस्थांची निर्देशिका प्रत्येक जिल्ह्यास, तालुक्यास व गावास संकेतांक देते. महाविद्यालयाच्या प्रवेश-अर्जात विद्यार्थ्याचे गाव नावाऐवजी या संकेतांकाने साठवले, तर 'वडगाव' कोणते, हा प्रश्न उरत नाही. प्रोसिजरना असा सार्वत्रिक संकेतांक नाही. डीबी-टूमध्ये प्रत्येक प्रोसिजरला एक विशिष्ट नाव देता येते आणि एकाच नावाच्या अनेक प्रोसिजरांतून नेमकी एक बदलताना वा काढून टाकताना ते उपयोगी पडते. परंतु त्या विशिष्ट नावाने प्रोसिजर कॉल करता येत नाही.